घरचे आरोग्य : रक्तदाब आणि सुईचा उपाय

गेल्या श्रावणात मंगळागौरीच्या निमित्ताने आमची सर्व मंडळी थोरल्या बंधूंकडे जमली होती. पंगती उठल्या, विडे झाले, आणि सुना-लेकी खेळांच्या तयारीस लागल्या, तेव्हा वहिनींनी मला हळूच माजघरात बोलाविले. कपाटातून त्यांनी गोळ्यांची चार पाकिटे काढून माझ्यापुढे ठेविली.

"भावजी, ज्येष्ठापासून यांतली एकही गोळी फोडलेली नाही. विचारले तर म्हणतात, सुया टोचून घेतो आहे, दाब उतरला आहे, आता गोळ्यांचे काय काम? तुम्ही तरी एकदा बोलून पाहा. मामंजींचे काय झाले ते तुम्हांला ठाऊक आहेच."

मामंजी म्हणजे आमचे वडील. वयाच्या ६१व्या वर्षी, सकाळी पूजेस बसले असता, गंध उगाळता उगाळता त्यांचा उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. पुढची चार वर्षे त्यांनी अंथरुणावर काढली. त्यांचा रक्तदाब वाढलेला असावा हे त्यापूर्वी कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते, कारण तो कोणी मोजलाच नव्हता. दादांचे वय आज ६७ आहे.

मी वैद्य नव्हे. शरीरशास्त्र शिकविण्यात माझा जन्म गेला, एवढेच. तेव्हा वहिनींना मी म्हटले, "वहिनी, मी दादांशी बोलेन, परंतु आधी या सुयांच्या प्रकाराची नीट माहिती करून घेईन. न वाचता बोललो, तर ते मला दोन वाक्यांत गप्प बसवतील." त्या वाचनाचे सार या महिन्याच्या सदरात देत आहे. ज्यांच्या घरी अशीच पाकिटे कपाटात पडून राहिली असतील, त्यांस त्याचा उपयोग होईल.

प्रथम रक्तदाब म्हणजे काय ते पाहू. हृदय दर ठोक्यास रक्त पुढे ढकलते, तेव्हा रोहिणींच्या भिंतीवर जो जोर पडतो तो वरचा आकडा. दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय विसावते, तेव्हा जो जोर उरतो तो खालचा. हा जोर प्रत्यक्ष मोजण्याचा पहिला मोठा प्रयोग इंग्लंडातील स्टीफन हेल्स नावाच्या एका धर्मोपदेशकाने केला आणि १७३३ साली प्रसिद्ध केला. त्याने एका घोडीच्या रोहिणीत नळी बसविली. तीस जोडलेल्या काचेच्या नळीत रक्त आठ फुटांहून अधिक उंच चढले. माणसावर असा प्रयोग करणे अर्थातच शक्य नव्हते. १८९६ साली इटलीतील रिवा-रोची यांनी दंडावर बांधावयाचा फुगा आणि पाऱ्याची नळी यांची योजना केली, आणि १९०५ साली रशियन शल्यवैद्य कोरोत्कॉफ यांनी त्या फुग्याखाली कान लावून ऐकू येणाऱ्या आवाजांचा अर्थ सांगितला. आज घरोघरी असलेले आकडे दाखविणारे यंत्र हे त्याच फुग्याचे नातवंड होय.

या व्याधीचे वैशिष्ट्य असे की ती बोलत नाही. डोके दुखणे, चक्कर येणे ही तिची लक्षणे म्हणून सांगितली जातात. पण बहुतेकांस वर्षानुवर्षे काहीच होत नाही. जगातील रक्तदाबाच्या रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांस आपल्याला तो आहे हेच माहीत नसते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने वारले. त्या दुपारी त्यांचा दाब ३००/१९० भरला होता. जगातील सर्वांत सामर्थ्यवान राष्ट्राच्या प्रमुखाजवळ उत्तम वैद्य होते, पण दाब उतरविणारे भरवशाचे औषध त्या काळी कोणाजवळच नव्हते. आज ते गावच्या औषधाच्या दुकानात मिळते आणि आपण ते कपाटात ठेवितो.

आता सुयांकडे वळू. ही विद्या चीनची. 'ह्वांगदी नैचिंग' या दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या ग्रंथात तिचे विवेचन आहे. शरीरात 'ची' नावाची प्राणशक्ती ठरावीक मार्गांनी वाहते, तिचा प्रवाह अडला किंवा बिघडला की रोग होतो, आणि त्या मार्गांवरील नेमक्या बिंदूंवर बारीक सुई टोचली की प्रवाह पूर्ववत् होतो, अशी तिची उपपत्ती. मुख्य मार्ग चौदा आणि बिंदू ३६१ मानले जातात. १०२७ च्या सुमारास सोंग राजवटीत वांग वैयी या वैद्याने विद्यार्थ्यांच्या अभ्यासाकरिता कांस्याचा पुरुषाकृती पुतळा घडवून त्यावर हे बिंदू दाखविले होते. यूरोपास या विद्येचा सविस्तर परिचय टेन राइने या डच वैद्याने १६८३ साली करून दिला आणि लॅटिन शब्द जोडून 'अ‍ॅक्युपंक्चर' हे नावही रूढ केले. काही उत्साही मंडळी ही विद्या मुळात आपल्याच सुश्रुताची असे सांगतात. सुश्रुताने सांगितलेला सिरावेध हा रक्त काढण्याचा उपचार आहे. त्याची आणि याची गल्लत करू नये. दुसऱ्याची विद्या दुसऱ्याची म्हणण्यात आपला कमीपणा नाही.

तिचा आपल्याशी जो खरा संबंध आहे तो मात्र अभिमानाचा आहे. १९३८ साली हिंदुस्थानातून पाच डॉक्टरांचे पथक युद्धग्रस्त चीनच्या साहाय्यास गेले. त्यांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. कोटणीसांनी ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच देह ठेविला. त्यांच्या जीवनावरचा शांतारामबापूंचा बोलपट घरोघरी ठाऊक आहे. याच पथकातील डॉ. विजयकुमार बसू यांनी पुढे, १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, चीनमध्ये जाऊन ही विद्या शिकून घेतली आणि कलकत्त्यास तिचा प्रारंभ केला. सुई या देशात आली ती अशी, सेवेच्या वाटेने.

पश्चिमेकडे तिचा बोलबाला झाला तो १९७१ साली. अमेरिकन पत्रकार जेम्स रेस्टन यांच्यावर पेकिंगमध्ये आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली. ती सुयांनी भूल देऊन झाली असे आजही सांगितले जाते. पण रेस्टन यांनीच लिहून ठेविले आहे की भूल नेहमीच्या औषधांनी दिली होती, आणि शस्त्रक्रियेनंतर पोटात जी अस्वस्थता झाली तिच्याकरिता सुया टोचल्या होत्या. गोष्ट एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाताना कशी फुगते, याचा हा नमुना समजावा.

दादांशी माझे बोलणे पितृपक्षात झाले. ते झोपाळ्यावर बसले होते. मी विषय काढताच हसले व म्हणाले, "वहिनीने पाठविले ना तुला? अरे, तुझी शंका रास्त आहे. पण मी अनुभवाने सांगतो. सुया लावण्यापूर्वी तेथली बाई दाब पाहते, तो १५८ असतो. अर्ध्या तासाने पुन्हा पाहते, तो १३६. हे काय खोटे? आणि गोळ्यांनी माझ्या पायांवर सूज येते, ती आता मुळीच येत नाही."

आकडे खोटे नव्हते, सूजही खोटी नव्हती. म्हणूनच या बोलण्याकडे हसून दुर्लक्ष करणे योग्य झाले नसते. मी विचारले, "दादा, तेथे जाता कसे?"

"चालत. मग दोन जिने चढून."

"आणि सुया लावल्यावर?"

"पडून राहायचे. खोलीत मंद दिवा असतो, कोणी बोलत नाही. खरे सांगू? डोळा लागतो."

येथेच पहिली मेख आहे. दोन जिने चढून आलेल्या माणसाचा दाब वाढलेला असावयाचाच. तोच माणूस अर्धा तास निवांत पडून राहिला, तर सुई टोचा अथवा न टोचा, दाब उतरतो. रक्तदाब हा भिंतीवरच्या खुंटीसारखा एका जागी राहत नाही. तो चहाने, बोलण्याने, भीतीने, थंडीने आणि मूत्राशय भरल्यानेसुद्धा चढतो. शिवाय माणूस नवा उपाय शोधू लागतो तो दाब फार चढलेला दिसतो तेव्हा. आणि फार चढलेला आकडा पुढच्या खेपेस बहुधा आपोआपच काहीसा खाली येतो. त्याचे श्रेय त्या सुमारास जे काही चाललेले असेल त्यास मिळते.

मग सुईचे खरे श्रेय किती, हे ओळखावे कसे? याकरिता संशोधकांनी एक युक्ती योजिली. रोग्यांचे चिठ्ठ्या टाकून गट पाडावयाचे. एका गटास शास्त्रोक्त बिंदूंवर सुया टोचावयाच्या. दुसऱ्या गटास तेवढाच वेळ, तशाच खोलीत, तितक्याच आपुलकीने, परंतु ज्यांचा रोगाशी संबंध मानलेला नाही अशा जागी टोचावयाच्या. आपण कोणत्या गटात आहोत हे रोग्यास कळू द्यावयाचे नाही. विश्रांती, विश्वास आणि आपुलकी ही दोन्हीकडे सारखीच. तेव्हा जो फरक उरेल तो नेमक्या बिंदूंचा.

अमेरिकेत असा एक प्रयोग १९२ रोग्यांवर झाला. त्याचा निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाला. दहा आठवड्यांनंतर खऱ्या सुयांच्या गटांत वरचा आकडा सुमारे साडेतीन अंशांनी उतरला होता. खोट्या सुयांच्या गटात तो जवळजवळ चार अंशांनी उतरला होता. म्हणजे दोहोंत फरक म्हणावा असा काहीच नाही. पुढच्याच वर्षी जर्मनीतून निराळे वर्तमान आले. तेथे १६० रोग्यांस सहा आठवड्यांत २२ वेळा सुया टोचल्या आणि दाब दिवसरात्र, २४ तास मोजला. खऱ्या सुयांच्या गटात वरचा आकडा सरासरी पाच अंशांनी उतरला; खोट्या गटात उतरला नाही. सुईच्या कैवाऱ्यांनी हा प्रयोग डोक्यावर घेतला. परंतु त्याच लेखात पुढे लिहिले आहे की सुया थांबविल्यावर तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी पाहिले, तेव्हा दाब पुन्हा मूळपदावर आला होता.

कॅलिफोर्नियातील काही संशोधकांनी सुयांतून मंद विद्युत्प्रवाह सोडून ६५ रोग्यांवर प्रयोग केला आणि तो २०१५ साली प्रसिद्ध केला. मनगटाच्या आतील बाजूस व गुडघ्याखाली टोचलेल्या सुयांनी बहुसंख्य रोग्यांचा दाब थोडा उतरला आणि उपचार थांबल्यावरही काही आठवडे तसाच राहिला. प्राण्यांवरील प्रयोगांतून त्यांनी असेही दाखविले आहे की अशा सुयांमुळे तेथील मज्जातंतू उद्दीपित होतात आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या, दाब चढविणाऱ्या केंद्राचा जोर काही काळ मंदावतो. तेव्हा सुईने शरीरात काहीच घडत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. काहीतरी घडते, पण ते अल्प आहे, आणि टिकत नाही.

कॉक्रेन या संस्थेच्या अभ्यासकांनी २०१८ साली २२ प्रयोग आणि १७४४ रोगी एकत्र घेऊन तपासले. रक्तदाब हा जन्माचा सोबती. त्याला जो टिकाऊ उतार हवा, तो सुयांनी मिळतो असा पुरावा आज नाही, हा त्यांचा निर्णय. अल्पकाळच्या उताराविषयीही प्रयोगांचा दर्जा इतका हलका आहे की निश्चित बोलता येत नाही, असे ते म्हणतात. दादांच्या हाती जे पत्रक पडले होते त्यात "जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेला उपाय" असे ठळक छापले होते. २००३ साली संघटनेने प्रसिद्ध केलेल्या एका पुस्तकात सुयांनी बऱ्या होणाऱ्या विकारांच्या यादीत रक्तदाब होता, हे खरे आहे. परंतु वर सांगितलेले काळजीपूर्वक केलेले प्रयोग त्यानंतरचे आहेत. जुना दाखला दाखवून नवा निकाल झाकणे हा व्यापार झाला; ती विद्या नव्हे.

दादा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे तुम्हां लोकांना जुने ते सगळे खोटेच."

हा आक्षेप मला अपेक्षित होता आणि त्याचे उत्तर आपल्या देशातच आहे. सर्पगंधा ही वनस्पती आपल्याकडे उन्माद आणि निद्रानाश यांवर पिढ्यान्‌पिढ्या दिली जात असे. १९३१ साली सेन आणि बोस या दोन वैद्यकपंडितांनी तिने रक्तदाबही उतरतो असे लिहिले. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी ती आपल्या रोग्यांस देऊन, दाब पुनःपुन्हा मोजून, १९४९ साली आपले निष्कर्ष एका इंग्लिश नियतकालिकात प्रसिद्ध केले, आणि सारे वैद्यकजगत् या मुळीकडे वळले. १९५२ साली स्वित्झर्लंडातील रसायनशास्त्रज्ञांनी तिच्यातून रेसर्पीन हे द्रव्य वेगळे केले. १९५७ साली वकिलांना अमेरिकेतील मानाचे लास्कर पारितोषिक मिळाले. मुळी जुनीच होती. जुनी म्हणून कोणी ती टाकली नाही, आणि जुनी म्हणून कोणी ती डोळे मिटून स्वीकारलीही नाही. तिची परीक्षा घेतली आणि ती उतरली. पुढे अनुभवाने असेही दिसले की तिच्यामुळे काही रोग्यांचे मन खचते. म्हणून आज तिच्याहून सौम्य औषधे वापरली जातात. (कोणी वाचून घरी सर्पगंधा उगाळू नये, ही विनंती.) सुईला जी कसोटी लावली तीच मुळीला लावली होती. कसोटी एकच असली, म्हणजे पक्षपात उरत नाही.

मी म्हटले, "दादा, वाद नको. वही घालू." बँकेत ३४ वर्षे काढलेल्या माणसास वहीचे वाकडे नाही. ठरले ते असे : सकाळी मुखमार्जन झाल्यावर, चहापूर्वी, आणि रात्री जेवणापूर्वी, पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, दंड छातीच्या पातळीत घेऊन, न बोलता दोनदा मोजावयाचे आणि दोन्ही आकडे लिहावयाचे. आवडता आकडा निवडावयाचा नाही. सुयांना जावयाचे असल्यास जावे. मात्र वाट पाहावयाची दोनच आठवडे, त्याहून अधिक नाही. आणि वरचा आकडा १८० वर गेला, अथवा छातीत दुखले, बोलणे अडखळले, हातपाय जड झाले, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावयाचे. तशी हमी वहिनींनी त्यांच्याकडून देवापुढे घेतली.

दोन आठवड्यांनी दादांनीच मला बोलावून वही पुढे केली. सकाळचे आकडे १५२ ते १६४ यांच्या दरम्यान होते. सुयांच्या दिवशी रात्री ते १४५ पर्यंत येत. दुसऱ्या सकाळी पुन्हा जागच्या जागी. दादांनी सरासरी काढून खाली तांबड्या शाईने रेघ मारली होती. ते काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. पायांवरच्या सुजेची गोष्ट दादांनी त्यांना तोवर कधी सांगितलीच नव्हती! डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. सारा अनर्थ जर त्या सुजेपासून सुरू झाला होता, तर त्यावरचा उपाय पहिल्याच दिवशी पाच मिनिटांचा होता.

वाचक विचारतील, पाच-दहा अंशांनी असे काय बिघडते? २०२१ साली ४८ प्रयोगांतील ३,४४,७१६ व्यक्तींची माहिती एकत्र तपासली गेली. तीत असे आढळले की औषधाने वरचा आकडा पाच अंशांनी जरी उतरला, तरी पक्षाघात, हृदयविकार यांसारखे मोठे आघात सुमारे दहा टक्क्यांनी कमी होतात. परंतु तो उतार रोजचा हवा, वर्षानुवर्षे हवा.

आता थोडे गृहिणींकरिता, कारण या रोगाचा अर्धा दवाखाना स्वयंपाकघरात आहे. माणशी दिवसाला पाच ग्रॅमांपेक्षा, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्यापेक्षा, कमी मीठ पोटात जावे असा दंडक आहे. आपल्या ताटाची डावी बाजू एकदा नीट पाहा. मीठ, लोणचे, चटणी, पापड, कुरडई, सांडगी मिरची : ही बाजू म्हणजे मिठाचे आगरच. भातावर मेतकूट, मेतकुटावर पुन्हा मीठ. आणि उपवासाच्या दिवशी बटाट्याचे खारे वेफर. वहिनींनी मिठाची वाटी पानावरून उठविली आणि लोणचे सणावारापुरते ठेविले. दादांनी आठ दिवस कुरकुर केली. नवव्या दिवशी नातवाने आमटीत मीठ कमी असल्याचे सांगितले, तेव्हा दादाच म्हणाले, "बरोबर आहे, गप्प जेव."

सुयांविषयी शेवटचे. दादा आजही महिन्यातून दोनदा तेथे जातात. रक्तदाबाकरिता नव्हे, गुडघ्याकरिता. जुनाट दुखण्याच्या बाबतीत सुईचा पुरावा रक्तदाबापेक्षा बरा आहे. लाभ माफक असतो, पण असतो. ज्यांस जावयाचे असेल त्यांनी सुया नव्या, बंद पाकिटातल्या आणि एकदाच वापरावयाच्या आहेत हे डोळ्यांनी पाहावे. रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास आधी सांगावे. आणि "तुमच्या गोळ्या बंद करा" असे जो म्हणेल त्याच्या पायऱ्या पुन्हा चढू नयेत. दाबाची काही औषधे एकाएकी सोडली तर दाब उसळी घेतो. गोळी नकोशी झाली, तर ज्याने ती दिली त्यालाच तसे सांगावे.

परवा गेलो होतो, तेव्हा ती वही देवघराच्या फळीवर, पंचांगाच्या शेजारी दिसली. सकाळचा आकडा १३४/८२ होता. त्याखालच्या ओळीत वहिनींचाही दाब लिहिलेला होता : १४८/९०. इतकी वर्षे त्यांचा दाब घरात कोणी मोजलाच नव्हता.